न मरणाऱ्यांचा दरबार

वेताळ हा भुतांचा राजा आहे, हे मराठी माणसाला कोणी पटवून द्यावे लागत नाही. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, पुढे दिवट्या, मागे लवाजमा, आणि वाटेत सापडलेल्याने मुकाट्याने बाजूला व्हावे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. गोव्यात आमोण्यासारख्या गावी तोच बेताळ या नावाने देवपदाला पोहोचला. देवचार, मुंजा, समंध, हडळ, जखीण ही सारी त्याची प्रजा, किंवा अधिक नेमके बोलायचे तर त्याचे मानकरी. प्रत्येकाची हद्द ठरलेली, प्रत्येकाचा नैवेद्य ठरलेला. मेल्यानंतरही येथे पायरी सुटत नाही. या मंडळींत समंध आम्हांला विशेष विचार करायला लावतो. ज्याचा जीव धनात किंवा वतनात अडकला, ज्याच्या मागे वारस उरला नाही, आणि तरीही जो आपली जागा दुसऱ्याला घेऊ देत नाही, तो समंध. सरंजामशाहीची याहून नेमकी व्याख्या समाजशास्त्राच्या पुस्तकांत आम्हांला तरी आढळलेली नाही.

मराठी भयकथेने मात्र या दरबाराचा पाठपुरावा केला नाही. नारायण धारपांच्या 'लुचाई'त पाश्चात्त्य रक्तपिपासू पिशाच मराठी वस्तीत आले खरे, पण तेथे प्रश्न होता तो त्याला थोपवण्याचा. पिशाचे आपापसांत कशी वागतात, त्यांच्यात थोरला कोण, धाकटा कोण, कोण कोणाचे देणे लागतो, हे कुतूहल आपल्या लेखकांना फारसे झाले नाही. ते झाले अमेरिकेतल्या खेळ रचणाऱ्यांना. १९९१ साली मार्क राइन-हागन यांनी रचलेला 'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा खेळ व्हाइट वुल्फ या प्रकाशनसंस्थेने बाजारात आणला, आणि १९९३ मध्ये त्याची 'लाइव्ह ॲक्शन' आवृत्ती निघाली. म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकण्याऐवजी खेळाडूंनी आपापल्या भूमिकेच्या वेशात एखाद्या दालनात प्रत्यक्ष वावरायचे, बोलायचे, कुजबुजायचे. इंग्रजीत अशा खेळांना संक्षेपाने 'लार्प' म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकांनी या खेळाकडे का पाहावे, आणि तेही आमच्यासारख्या मावळात मराठी शिकवणाऱ्यांनी, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळाची रचना थोडक्यात सांगणे भाग आहे. प्रत्येक शहर ही एक जहागीर. तिचा अधिपती, पुरुष असो वा स्त्री, 'प्रिन्स' म्हणवतो. त्याच्याभोवती निरनिराळ्या कुळांच्या वडीलधाऱ्यांचे मंडळ. त्याच्या वतीने कारभार पाहणारा एक जण, हुकूम बजावणारा दुसरा. नवख्याने शहरात पाऊल ठेवताच अधिपतीसमोर हजर होऊन आपली कुळी सांगायची. नवे पिशाच निर्माण करायचे तर अधिपतीची परवानगी घ्यायची, आणि निर्माण केलेल्याच्या गुन्ह्यांना निर्माण करणाऱ्याने जबाबदार राहायचे. एक जागा अशी राखलेली की तेथे शस्त्र उपसायचे नाही. साहजिकच खरे राजकारण तेथेच चालते. हाणामारीचा निकाल प्रत्यक्ष अंगाला हात न लावता, दगड-कागद-कात्री या पोराटोरांच्या खेळाने लावतात. त्यामुळे तलवारीपेक्षा जिभेला किंमत येते.

या साऱ्याचा प्राण आहे उपकारांचा हिशेब. कोणी कोणासाठी काही केले की देणे उभे राहते. या देण्याचे दर्जे लावलेले आहेत: क्षुल्लक, लहान, मोठे, मग रक्ताचे, आणि शेवटी जिवाचे. देणे फेडायला नकार दिला तर बेअब्रू होते, आणि बेअब्रू झालेल्याशी कोणी व्यवहार करीत नाही. कोणाची पत चढली, कोणाची उतरली, हे ठरवणारी एक मंडळी दरबारात असते. ग्रीक पुराणातल्या पक्षिरूपी स्त्रियांचे 'हार्पी' हे नाव त्यांना दिले आहे. त्यांच्या हाती ना फौज ना खजिना. त्या फक्त बोलतात. ज्याने आपल्याकडच्या लग्नात मानपानावरून रुसलेले व्याही पाहिले आहेत, किंवा पोळ्याच्या दिवशी मानाचा बैल कोणाचा यावरून गावात पडलेले तट पाहिले आहेत, त्याला हार्पींचे सामर्थ्य वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आमचे म्हणणे असे की, दरबार म्हणजे काय हे या खेळाला आपल्या बहुतेक ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांपेक्षा अधिक कळले आहे. दरबार हा मुळात न संपणाऱ्या देण्याघेण्याचा व्यवहार असतो, आणि ते देणे माणसाबरोबर मरत नाही. खेळ रचणाऱ्यांनी आपले सरदार अमर केले ते भीती वाढवण्यासाठी असेल. पण त्यातून सरंजामी व्यवस्थेचे मर्म आपोआप उघडे पडले. जो वडीलधारा कधीच मरत नाही त्याची जागा कधीच रिकामी होत नाही. धाकट्यापुढे मग दोनच वाटा उरतात: जन्मभर, म्हणजे अनंतकाळ, हांजी हांजी करणे, किंवा थोरल्याला पिऊन टाकणे. या दुसऱ्या वाटेला खेळात सर्वांत घोर पाप मानले आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत अधिक बोलले जाते तेही उगाच नव्हे. माणसे मरतात, पण वतन मरत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांविषयीचे जे प्रकरण आहे, त्यात नेमकी हीच अस्वस्थता आहे. हे लोक लहान असले तरी आपापल्या मुलखाचे राजेच आहेत, मिळाले त्यावर ते समाधानी राहत नाहीत, आणि त्यांना फार सैल सोडूनही चालत नाही, फार दाबूनही चालत नाही, असा त्या विवेचनाचा आशय. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ कोणा खेळातल्या 'प्रिन्स'च्या उशाशी ठेवला तर तो अनोळखी वाटणार नाही.

दूर जायला नको. मावळ म्हटले की आपल्याला लोहगड, विसापूर, राजमाची आणि शिवरायांचे मावळे आठवतात. तळेगाव दाभाडे मात्र लोकलचे एक मोठे स्टेशन म्हणूनच ठाऊक असते. वास्तविक अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे छत्रपतींच्या सेनापतींचे घराणे नांदत होते. खंडेराव दाभाडे यांना शाहू महाराजांकडून १७१७ साली सेनापतिपद मिळाले. गुजरात ही दाभाड्यांनी कमावलेली हद्द. १७२९ मध्ये खंडेराव वारले, आणि पद त्यांचे पुत्र त्रिंबकराव यांच्याकडे आले. इकडे १७३० मध्ये पेशव्यांनी मोगल सुभेदार सरबुलंदखानाशी परस्पर गुजरातच्या चौथाईचा करार केला. सेनापतीच्या हद्दीत पेशव्याने हात घातला. खेळाच्या भाषेत हा दुसऱ्याच्या शिकारीच्या रानात केलेला प्रवेश. त्रिंबकरावांनी निजामाशी संधान बांधले, आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळच्या लढाईत बाजीरावांच्या फौजेपुढे ते मारले गेले. एकाच छत्रपतीचे दोन सेवक, एक पेशवा, एक सेनापती, एकमेकांशी लढले आणि एक मेला. आता छत्रपतींनी काय करावे?

परंपरा अशी सांगते की शाहू महाराजांनी बाजीरावांना खंडेरावांच्या पत्नी उमाबाई दाभाडे यांच्यापुढे उभे केले, उमाबाईंच्या हाती तलवार दिली, आणि हवे तर याचे मस्तक उडवा, नाहीतर क्षमा करा, असे सांगितले. उमाबाईंनी क्षमा केली. ही आख्यायिका आपल्याकडे बहुधा मातेच्या औदार्याची कथा म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती दरबारी व्यवहाराचा उत्कृष्ट नमुना वाटते. उमाबाईंपुढे ठेवलेली निवड ही निवड नव्हतीच. मस्तक उडवले असते तर छत्रपतींचा सर्वांत कर्तबगार माणूस गेला असता आणि तो दोष दाभाड्यांच्या माथी बसला असता. क्षमा केली तर पुत्रवधाचे देणे पुत्राच्या आईनेच जाहीरपणे माफ केले, असा त्याचा अर्थ. महाराजांनी एक थेंब रक्त न सांडता हिशेब मिटवून घेतला. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांना दिले, कारभाराची सूत्रे उमाबाईंच्या हाती राहिली, आणि गुजरातच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा पेशव्यांमार्फत सरकारात भरण्याचे ठरले.

पण देणे मिटले नव्हते. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले, आणि पुढच्याच वर्षी नानासाहेब पेशव्यांनी गुजरातच्या निम्म्या हिश्शाची मागणी पुढे केली. १७५० च्या अखेरीस उमाबाईंनी आळंदीला पेशव्यांची समक्ष भेट घेतली. तो करार जबरदस्तीने झाला होता, तो आम्हांवर बंधनकारक नाही, ही त्यांची भूमिका. एकोणीस वर्षांपूर्वीची क्षमा आणि एकोणीस वर्षांपूर्वीचा करार, दोन्ही एकाच भेटीत पुन्हा बाहेर निघाले. बाजीराव मरून दहा वर्षे झाली होती, हे विसरू नये. पुढे ताराबाईंनी साताऱ्यास पेशव्यांविरुद्ध उठावणी केली तेव्हा उमाबाईंनी आपले सरदार दमाजी गायकवाड यांना त्यांच्या मदतीला पाठवले. १७५१ च्या वसंतात दमाजी अडचणीत सापडले, तहाची बोलणी चालू असतानाच त्यांच्या छावणीवर अचानक छापा पडला, आणि ते कैद झाले. पेशव्यांनी निम्मा गुजरात आणि पंचवीस लक्ष रुपये मागितले तेव्हा दमाजींनी दिलेले उत्तर फार अर्थपूर्ण आहे: आपण केवळ दाभाड्यांचे हाताखालचे, धन्याला विचारल्याशिवाय आपण काय देणार? निष्ठेची ढाल याहून कुशलतेने क्वचितच कोणी वापरली असेल. दमाजींचा पुढचा बंदिवास लोहगडावर झाला. ज्या किल्ल्यावर आमचे विद्यार्थी पावसाळ्यात छायाचित्रे काढायला जातात, तो हा किल्ला. १७५२ मध्ये दमाजी सुटले ते दाभाड्यांची बाजू सोडून आणि निम्म्या गुजरातचा करार स्वतःच्या नावाने करून. त्यानंतर बडोद्याचे राज्य उभे राहिले. 'सेनाखासखेल' हा किताब, जो पूर्वी दाभाड्यांच्या घरात होता, तो गायकवाडांच्या नावामागे कायमचा बसला. उमाबाई १७५३ मध्ये पुण्यास वारल्या. थोरल्याला पिऊन धाकट्याने त्याचे बळ आपल्या अंगी आणणे हे त्या अमेरिकन खेळातले घोर पाप. येथे ते शाई आणि मोहोर वापरून यथासांग पार पडले.

या प्रकरणाचा एक धागा थेट आपल्या व्यवसायापर्यंत येतो, तो साहित्याच्या शिक्षकांना ठाऊक असायला हरकत नाही. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा खंडेराव दाभाड्यांनी तळेगावी चालू केली होती. त्रिंबकराव पडल्यानंतर ती पेशव्यांनी पुण्यास नेली. दान हे दरबाराचे भूषण, म्हणून प्रतिस्पर्ध्याचे दानही जिंकायचे! पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याच निधीतून मराठी पुस्तकांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. लोकहितवादींच्या पिढीने त्यासाठी केलेली खटपट आपण अर्वाचीन गद्याच्या इतिहासात शिकवतो. तिचे मूळ तळेगावच्या श्रावणात आहे, हे सहसा शिकवत नाही. ग्रंथांना मिळणारे पुरस्कार, समित्या, कोणाच्या शिफारशीने कोणाला काय मिळाले याची दबक्या आवाजातली चर्चा यांविषयी येथे अधिक लिहीत नाही. वाचक सुज्ञ आहेत.

आपल्या ऐतिहासिक ललितलेखनात हे सारे का दिसत नाही? आमचे उत्तर असे की, आपण दरबाराचे राजकारण एखाद्या व्यक्तीच्या स्वभावात कोंडून टाकतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागे गारद्यांचा थकलेला पगार होता, रघुनाथरावांचा डावललेला हक्क होता, कारभाऱ्यांचे परस्परांतले हिशेब होते. लोकस्मृतीने आणि तिच्या मागोमाग रंगभूमीने त्यातून काय उचलले? 'ध'चा 'मा'. एक अक्षर आणि एक दुष्ट बाई. अख्खी व्यवस्था आनंदीबाईंच्या बोरूवर सोपवून आपण मोकळे झालो. दुसऱ्या बाजूला महानाट्ये आहेत. हत्ती, घोडे, तोफांचे बार, आणि मधोमध सिंहासन. तेथे हजारो प्रेक्षक अंधारात बसून जयजयकार करतात, म्हणजे नकळत प्रजेची भूमिका करतात, आणि त्या भूमिकेला संवाद नसतात. अपवाद अर्थात आहेत. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये रंगमंचावर आले तेव्हा जे वादळ उठले ते नानांच्या चित्रणावरून. परंतु त्या नाटकाची खरी कामगिरी, आमच्या मते, ती माणसांची भिंत. ती भिंत लाजते, झाकते, पाहते, न पाहिल्यासारखे करते. दरबार म्हणजे सिंहासनावरचा एक माणूस नसून त्याच्याभोवतीची ती भिंत, हे तेंडुलकरांना उमगले होते. आणि मुलीच्या बदल्यात कोतवाली हा तर शुद्ध देण्याघेण्याचा करार.

रक्तपिपासूंच्या खेळात प्रेक्षक नसतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. जो खोलीत आहे त्याचे काहीतरी देणे आहे, काहीतरी येणे आहे. हा गुण आम्ही वर्गात वापरून पाहिला. पिशाचे वगळली. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना भूमिका वाटून दिल्या: शाहू महाराज, बाजीराव, उमाबाई, श्रीपतराव प्रतिनिधी, पिलाजी गायकवाड, निजामाचा वकील. काळ १७३१ चा, लढाईनंतरचा. प्रत्येकाच्या हाती घडी घातलेली एक चिठ्ठी. तीत दोन रकाने, आपण कोणाचे काय लागतो आणि आपले कोण काय लागतो. संवाद लिहून दिलेले नव्हते. उमाबाई झालेली विद्यार्थिनी पहिला बराच वेळ काहीच बोलली नाही. तिने क्षमाही केली नाही, नकारही दिला नाही. हळूहळू सर्वांची कामे अडली. महाराजांचा निकाल अडला, बाजीरावांची मोहीम अडली, पिलाजींना कोणत्या बाजूला जावे कळेना, आणि एकेक जण उठून तिच्या बाकाशी जाऊ लागला. क्षमा न करणे हे तिच्या हातातले शेवटचे भांडवल आहे, हे त्या मुलीला कोणीही शिकवले नव्हते. नंतरच्या चर्चेत तिने विचारले, "उमाबाईंनी इतक्या लवकर क्षमा का केली असेल?" आख्यायिकेला हा प्रश्न आजवर कोणी विचारल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

काही सहकाऱ्यांनी याला पोरखेळ म्हटले. इतिहासाची थट्टा होते, पुरुषांची विटंबना होते, असाही आक्षेप आला. पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याची आम्हांला गरज वाटत नाही. नाटक हाही मूळचा खेळच, आणि मराठीत नाटकाचा प्रयोग झाला की 'खेळ झाला' असेच आपण म्हणत आलो. दुसऱ्या आक्षेपाविषयी एवढेच, की सोळा-सतरा पानी चिठ्ठ्या तयार करण्यासाठी त्या मुलांनी जितकी पत्रे आणि बखरी चाळल्या, तितक्या त्यांनी परीक्षेसाठी चाळल्या नव्हत्या.

खरा आक्षेप निराळाच आहे, आणि तो आम्हांला सहकाऱ्यांनी नव्हे, खेळानेच दाखवला. त्या अमेरिकन खेळात पिशाचे माणसांसाठी जो शब्द वापरतात त्याचा अर्थ आहे 'गुरेढोरे'. ज्यांच्या रक्तावर दरबार उभा आहे त्यांना दरबारात भूमिका नाही. सगळेच खेळाडू सरदार. धाकटे असोत वा थोरले, पितात सगळेच. त्यामुळे अन्यायाविषयी तेथे जी तक्रार चालते ती धाकट्या पिणाऱ्याची थोरल्या पिणाऱ्याविरुद्धची तक्रार असते. आमच्या वर्गातही हेच झाले. एका विद्यार्थ्याला, तो पवन मावळातून येतो, आम्ही तळेगावच्या महाराची भूमिका दिली होती. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या 'गांव-गाडा'त बलुत्यांची जी मांडणी आहे तिच्या आधारे त्याची चिठ्ठी तयार केली होती. देण्याचा रकाना भरगच्च: वेठ, निरोप, राखण, मेलेली ढोरे ओढणे. येण्याच्या रकान्यात बलुते आणि वतनाची तुटपुंजी जमीन. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "सर, माझं या खोलीतलं कोणीच काही लागत नाही. मी कोणाशी बोलू?"

त्याचे म्हणणे इतिहासाला धरून होते. वतन या शब्दाने पाटील-देशमुखाला जी प्रतिष्ठा दिली, त्याच शब्दाने महाराला पिढीजात वेठीला बांधले. एकच संस्था वरच्याला अमर करते आणि खालच्याला मरू देत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या समंधाला उतरवण्यासाठीच. परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा १९५८ चा. वरच्यांची सुटका आधी आणि खालच्यांची नंतर, हा क्रमही नोंदवून ठेवावा. आणि मावळच्या या टापूत 'सेनापती' हा किताब दरबाराबाहेरूनही मिळाला आहे: १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध जो सत्याग्रह केला, त्यात पांडुरंग महादेव बापट यांना तो लोकांनी दिला. त्याला कोणाची मोहोर लागली नाही.

पुढच्या खेपेस विद्यार्थ्यांनीच चिठ्ठ्या बदलल्या. महजर नावाच्या कागदावर, म्हणजे तंट्याच्या निवाड्यावर, पाटील नांगराची निशाणी करीत असे आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची. शिवेच्या वादात तर महाराची साक्ष मोठ्या वजनाची मानली जाई. हे त्यांनी राजवाड्यांच्या खंडांतून शोधून काढले, आणि त्या भूमिकेच्या येण्याच्या रकान्यात एक ओळ वाढवली: याच्या निशाणीशिवाय निवाडा पुरा होणार नाही. त्या दिवशी पवन मावळातला तो विद्यार्थी खिडकीशी हात बांधून बसला होता. महाराजांचा निवाडा लिहून तयार होता. थोड्या वेळाने पेशव्यांचा वकील उठून त्याच्याकडे गेला आणि तुझे काय म्हणणे आहे, असे त्याने विचारले. त्याने एका कागदावर आधीच लिहून आणले होते. वाचायला वकिलाला बराच वेळ लागला, आणि तो वाचत असतानाच तासाची घंटा झाली.